ज्याचं डोकं आत, त्याचा टाका

मित्रांनो, मी एक जुनी कुंची आहे. ज्यांनी कुंची पाहिली नाही त्यांना सांगते. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर टोपीसारखी बसते, मागे पाठीवर पदरासारखी उतरते आणि हनुवटीखाली दोन बंदांनी बांधतात, ती कुंची. माझं वय विचारू नका. पोशेरा गावाच्या पलीकडे डोंगराच्या उतारावर आमचा पाडा आहे. त्या पाड्यावरच्या मंगळ्याच्या मिशा आता पांढऱ्या झाल्यात, आणि माझ्यात तोंड घालून रडलेला पहिला माणूस तो. यावरून काय ते समजा.

माझा जन्म एका बकरीच्या कृपेने झाला. तानी तेव्हा नवी नवरी होती. तिने लग्नातलं लाल लुगडं कुंपणावर वाळत घातलं आणि ती पाण्याला गेली. परत येते तो बकरीने अर्धं लुगडं पोटात घातलेलं. त्या बकरीला पुढे जी करडं झाली त्यांच्या पाठीवर जरीचा काठ होता म्हणतात. मी पाहिलेली नाहीत, पण सांगणारी माणसं चांगल्या घरची होती.

पुढे मंगळ्या पोटात असताना उरलेल्या लुगड्यातून तानीने मला कापलं. आतून धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराचं अस्तर लावलं. शेवटची शिवण घालण्याआधी तिने माझ्या काठात नागलीचे तीन दाणे टाकले, कुंची उपाशी राहू नये म्हणून. नागली म्हणजे तुमची नाचणी. ते दाणे अजून माझ्या पोटात आहेत. दोन उंदीर चौकशीला येऊन गेले. मी त्यांना ताटकळत ठेवलं.

आता तानीला सगळा पाडा तानी डोशी म्हणतो. डोशी म्हणजे म्हातारी. आणि मी एकट्या मंगळ्याची न राहता साऱ्या पाड्याची झाले. ज्या घरी बाळ जन्मेल त्या घरी मी जाते, बाळ मोठं झालं की धुऊन परत येते. अशी एकतीस डोकी माझ्या आत येऊन गेली. काही गोल, काही लांबट, आणि बारक्याचं तर अगदी दुध्या भोपळ्यासारखं होतं. आता तो चांगला बाप्या झालाय, म्हणून जास्त बोलत नाही.

लोक मला पाहायला येतात ते माझ्या अंगावरच्या चित्रांसाठी. त्यांचा नियम ऐका. बाळाला कुंची पहिल्यांदा घातली की त्याच्या आईने एक चित्र भरायचं. मनातलं चित्र चालत नाही. बाळ जन्मलं त्या दिवशी तिथे जे खरोखर होतं तेच काढायचं. आणि टाका घालायचा तो बाळाचं डोकं आत असतानाच. आई आपली दोन बोटं कापड आणि टाळू यांच्या मध्ये सरकवते आणि वरून सुई घालते. सुई चुकली तर आधी आईच्या बोटाला टोचेल, बाळापर्यंत जाणार नाही. या पाड्यावर आई होणं म्हणजे काय, ते त्या दोन बोटांत आहे. डोशी म्हणते, ज्याचं डोकं आत, त्याचा टाका. तेवढंच म्हणते, बाकी समजून घ्यायचं.

मंगळ्याचा कोंबडा आहे, कारण तो जन्मला त्या दिवशी कोंबडा दुपारपर्यंत आरवत बसला होता. बारक्याचा खेकडा आहे. त्याचा बाप ओढ्यात खेकडे धरत होता आणि बातमी ऐकून टोपली तिथेच टाकून पळाला. म्हणून की काय, बारक्या आजही कुठल्या प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. चंदू तर जव्हारच्या एसटीत जन्मला, घाटातल्या वळणावर. त्याच्या आईने, पोशीने, साखळी टाक्याने एसटी काढली. पाच चाकं काढली. चार कुठून मोजायची हे कळलं नव्हतं म्हणे, पण पोशी म्हणते पाचवी स्टेपनी आहे. भागीच्या नावाची एक वेडीवाकडी रेघ आहे, कानापासून निघून पार पाठीपर्यंत गेलेली. ती नदी नव्हे. भागी जन्मल्यापासून आठ दिवस रडत होती, आणि तिची आई टाका घालता घालता बसल्या जागी झोपून गेली. हात चालूच राहिला. ती रेघ म्हणजे झोप. तिला उसवायचं कुणाच्या मनात आलं नाही.

करिष्माचं चित्र सर्वांत प्रसिद्ध. ती जव्हारच्या दवाखान्यात जन्मली आणि तिच्या आईला डॉक्टरणीच्या गळ्यातली नळी फार आवडली. तीच तिने काढली. एकदा शहरातून एक अभ्यासू बाई आल्या. त्यांनी ती नळी पाहिली आणि वहीत लिहिलं, नाग, वंशवृद्धीचं प्रतीक. डोशीने मान डोलावली. बाईंनी विचारलं, आणखी काय अर्थ आहे? डोशी म्हणाली, हा नाग छाती ऐकतो. बाईंनी तेही लिहून घेतलं आणि दोनदा अधोरेखित केलं.

आता माझी लाजेची गोष्ट सांगते. चांगल्या गोष्टी सांगून झाल्या की तीही सांगावी.

डोशी मला जिवापाड जपायची. पत्र्याच्या पेटीत, कडुनिंबाच्या पाल्यात. तिचा हुकूम होता की कुंची पाड्याबाहेर जायची नाही. दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्टीवर कामाला जातो, भिवंडीकडे, वसईकडे, आणि पावसाच्या तोंडावर परत येतो. काही बायका पोटुशा जायच्या आणि पोर कडेवर घेऊन यायच्या. त्यांनी जाताना मला मागितलं तर डोशी म्हणायची, तिथं धूळ हाय, जाळ हाय, कुंची मरंल. त्या परत येईपर्यंत पोराचं डोकं मोठं झालेलं असायचं. माझ्यात मावायचं नाही. आणि डोकं आत नाही तर टाका नाही. मला माझ्या आतली एकतीस डोकी पाठ होती. बाहेर राहिलेली मी कधी मोजली नाहीत.

त्यातली एक रोशनी. पुतळी आणि अर्जुनची लेक, नऊ वर्षांची. आश्रमशाळेत चौथीत आहे. भट्टीवर जन्मली आणि सात महिन्यांची होऊन पाड्यावर आली. तेव्हा पुतळीने मला तिच्या डोक्याला लावून पाहिलं, पुढून, मागून, तिरकं करून. डोशीने मान हलवली. पुतळीने ओवलेली सुई तशीच पदराला टोचून ठेवली आणि घरी गेली. एक शब्द बोलली नाही. नंतरही कधी बोलली नाही.

पोरं मात्र बोलायची. सणाला मला बाहेर काढलं की प्रत्येक पोर आपापलं चित्र शोधायचं. रोशनी पण शोधायची, जणू या वर्षी उगवलं असेल. करिष्मा तिला म्हणायची, तुझं चित्र काय असणार, ईट? ईट म्हणजे वीट. मग सगळी तिला ईट म्हणू लागली. रोशनी हसायची. हसून घेतलं की चिडवणं लवकर संपतं, हे तिला आश्रमशाळेत कळलं होतं.

यंदा दिवाळीच्या तोंडावर जयश्रीला मुलगा झाला. बारसं ठरलं. आणि त्याच वेळी पाड्यावर एक गोष्ट सर्वांच्या लक्षात आली, की माझ्या अंगावर आता एकच रिकामी जागा उरली आहे. डाव्या कानामागे, दोन चिंचोक्यांएवढी. ती जयश्रीच्या बाळाची. त्यानंतर मी भरले. सुट्टीला घरी आलेल्या रोशनीने हे ऐकलं तेव्हा ती नागलीची भाकरी खात होती. तिने तुकडा ताटात परत ठेवला.

बारशाच्या आदल्या दिवशी डोशीने मला ऊन दाखवायला ओट्यावर ठेवलं. बायामाणसं कापणीला गेली होती. डोशीलाही शेतावर जायचं होतं. तिने रोशनीला राखणीला बसवलं आणि सांगितलं, बकरीवर नजर ठेव. ती जुनी बकरी कधीच गेली, पण डोशीचा तिच्या खानदानावर विश्वास नाही.

रोशनी बसली. बकरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोटाने ती रिकामी जागा चाचपली. तिच्या मनात काय होतं ते मला तिच्या बोटातून कळलं. एकदा डोकं आत गेलं पाहिजे. गेलं की तशीच शेतावर पळायचं आणि आईला म्हणायचं, बघ, गेलं.

तिने मला डोक्यावर ठेवलं. मी कानाच्या वरच अडकले. तिने बंद हनुवटीखाली ओढून बांधले, निरगाठ मारली, मग दोन्ही हातांनी मला धरलं आणि खाली खेचलं. मानेपासून टाळूपर्यंत मी फाटले. मला ओरडता येत नाही, कापडाला फक्त फाटता येतं. पण त्याच क्षणी तिचं डोकं आत आलं. नऊ वर्षं उशिरा आलं, आणि गरम होतं, उन्हाने आणि भीतीने.

मग सगळंच बिनसलं. निरगाठ सुटेना. वाटेवर बायकांचे आवाज ऐकू आले, भारे घेऊन परत येत होत्या. रोशनी डोशीच्या घरात पळाली आणि समोर दिसली त्या कणगीत उतरली. कणगी म्हणजे धान्य साठवायची बांबूची मोठी टोपली, शेणाने सारवलेली. नवं भात यायचं होतं म्हणून ती रिकामीच होती. आत अंधार, आणि गेल्या वर्षीच्या नागलीची धूळ. रोशनी रडली नाही. एक हात मागे नेऊन माझी फाटलेली चीर मुठीत घट्ट धरून बसली, धरून ठेवली तर जुळेल अशी.

बाहेर काय झालं ते मी ऐकलेलं सांगते. ओटा रिकामा. बकरी मात्र काहीतरी लाल चावत उभी. डोशीने ते पाहिलं आणि तिच्या हातातला भारा खाली पडला. मग सत्तरी पार केलेली ही बाई बकरीच्या मागे तीन घरं पळाली, शिंगाला धरून तिला खाली पाडलं आणि तिच्या तोंडातून ते लाल ओढून काढलं. निघाली प्लास्टिकची पिशवी, मोखाड्याच्या कापड दुकानातली. तोवर डोशीने बकरीच्या आईपासून पणजीपर्यंत सर्वांचा उद्धार केला होता. बकरी मोकळी झाली, पण तिची कुणी माफी मागितली नाही.

मग प्रश्न आला की कुंची कुठे आणि रोशनी कुठे. पुतळी दारोदार हाका मारू लागली. सगळा पाडा डोशीच्या घरात जमला, आणि कणगी शिंकली.

बारक्या म्हणाला, उंदीर असंल. डोशी म्हणाली की पन्नास वर्षांत तिच्या घरात शिंकणारा उंदीर आला नव्हता. अर्जुनने आत वाकून पाहिलं. लेकीला काखांत धरून वर काढलं आणि ओट्यावर उभं केलं. डोक्यावर मी, खाली गेलेली मान, एक हात अजून मागे. डोशीने तो हात बाजूला केला आणि चीर पाहिली.

करिष्मा हसायला निघाली होती, तिचं हसू तिथेच विरलं. जयश्रीने बाळाला आणखी जवळ घेतलं. डोशीने कुंची काढायला सांगितलं. रोशनीला गाठ सुटेना. डोशीने बंद कापायला विळा मागितला.

पुतळीच्या डोक्यावर भारा तसाच होता. तिने तो सावकाश उतरवला.

"थांब, डोशे," ती म्हणाली. "पोरीचं डोकं आत हाय ना?"

"फाटलेल्या कुंचीत हाय."

"आत हाय का नाय, तेवढं सांग."

नियम डोशीचाच होता. तिने तो एकतीस वेळा सांगितला होता, आणि पुतळीला तर हातात सुई असताना सांगितला होता. तिने पुतळीकडे पाहिलं, मग पोरीच्या खाली गेलेल्या मानेकडे.

"हाय," ती म्हणाली.

"मग सुई दे."

पुतळी ओट्यावर बसली, लेकीला दोन गुडघ्यांच्या मध्ये घेतलं. जयश्री हळूच म्हणाली की ती जागा आपल्या पोराची आहे. डोशीने तिला हातानेच थांब म्हटलं. पुतळीने चिरेतून दोन बोटं आत घातली. खरं सांगते, मित्रांनो, मी शाबूत असते तर इतक्या मोठ्या डोक्यावर ती बोटं आत शिरलीच नसती. तिने कानामागे सुई घातली आणि काळ्या दोऱ्याने एक आडवा बाक काढला. सगळे वाकून पाहू लागले. करिष्माला खात्री होती की चौकोन होणार, पण त्याला कोपरेच येईनात.

रोशनीला कानामागचं दिसत नव्हतं. तिने विचारलं, "आये, काय काढतीस? ईट?"

पुतळीने आणखी दोन टाके घातले.

"तू सकाळची झालीस," ती म्हणाली. "कुंची नव्हती. तुझ्या बापानं तुला उन्हात नेलं. ओल्या ईटांच्या ओळी होत्या. एका ईटेवर त्यानं तुझा पाय टेकवला. म्हणला, टाका पडंल तवा पडंल, हितं खूण ऱ्हाऊ दे." तिने दोरा ओढला. "मग भट्टी लागली, ट्रक भरला. मी ती ईट लय शोधली, बाय. सापडली नाय. तुझा पहिला पाय मी ट्रकात जाऊ दिला. कुणाला सांगनार हे?"

मग तिने बाकाच्या टोकाला पाच ठिपके घातले, एकापुढे एक लहान होत गेलेले. पाऊल झालं. शेवटच्या ठिपक्याला सुई तिच्या बोटाला लागली. मला कळलं, कारण ओलं मला लागलं.

"कुठल्या बिल्डिंगीत हाय मग?" रोशनीने विचारलं.

पुतळीने अर्जुनकडे पाहिलं. उत्तर डोशीने दिलं.

"मुंबईत असंल," ती म्हणाली. "आन उभी असंल. पाया तुझा हाय, ती कशाला पडतीय."

मग डोशीने नखांनी ती निरगाठ सोडवली. तिला जरा वेळ लागला. डोळ्यांना दिसत नव्हतं, असं ती म्हणाली.

यानंतर जे झालं ते मला कुणी सांगितलं असतं तर मीच थाप म्हटलं असतं. कुडाला टेकून धनेश उभा होता. बावीस वर्षांचा, लग्न झालेला, दाढी राखलेला. तो पुढे आला, आपल्या आईपुढे मांडी घालून बसला आणि त्याने डोकं खाली केलं. तोही भट्टीवरच जन्मला होता. बावीस वर्षांत त्याने सणाला माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं, आणि मला वाटायचं, गडी मानी आहे. त्याच्यामागून आणखी पाच पोरं आली, कुणी सहा वर्षांचं, कुणी सोळाचं. मी फाटले होते म्हणून सगळ्यांना बसले. पण आता जागा कुठे होती?

डोशीने त्या पोरांकडे बोट दाखवत एकेक मोजलं. मग म्हणाली की कापड आणा. रोशनीने आश्रमशाळेचा जुना, आखूड झालेला निळा फ्रॉक आणला. डोशीने त्यातून मोठी तिकोनी कळी कापली आणि दिवस मावळायच्या आत माझ्या चिरेत बसवली, मानेपासून टाळूपर्यंत. मी रुंद झाले. पोटाला आणि डोक्यालाही. आता माझ्या पाठीवर निळं मोकळं रान आहे, त्यात अजून तीस तरी चित्रं मावतील. धनेशच्या आईने त्यावर पहिली खूण भरली, पाण्याचा टँकर. त्या दिवशी भट्टीवर तोच आला होता म्हणे. डोकं बावीस वर्षांचं असलं तरी तिने दोन बोटं आत घातलीच.

दुसऱ्या दिवशी जयश्रीच्या बाळाचं बारसं झालं. त्याचं चित्र मोबाइलचा टॉवर आहे. तो जन्मला तेव्हा पाड्यावर पहिल्यांदा रेंज आली होती. नंतर गेली, पण चित्र राहिलं.

आणि दिवाळीनंतर टेम्पो आला. धनेशची बायको प्रगती सातव्या महिन्यात होती, तरी कामाला निघाली होती. डोशी पेटी उघडून मला घेऊन आली आणि स्वतःच्या हाताने मला प्रगतीच्या बोचक्यात ठेवलं. जाळाजवळ ठेवू नको, राखेने धुवू नको, बकरीच्या तोंडापुढे वाळत घालू नको, अशा वीस सूचना दिल्या. शेवटची एवढीच होती, की मळली तरी चालंल, रिकामी आणू नको.

तर मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी पाड्याबाहेर पडले. सध्या भट्टीवर आहे. अंगावर इतकी धूळ आहे की कोंबडा आणि खेकडा एकाच रंगाचे झालेत. माझ्या आत प्रगतीची मुलगी झोपलीय. तिचं चित्र कोणतं ते सांगणार नाही, कारण ऐकून तुम्ही मला थापाडी म्हणाल.

तुमच्याकडून एवढंच मागते. तुमच्या घरी एखादं जुनं कापड जपून ठेवलेलं असेल, तर त्याला कुलपात ठेवून उपाशी मारू नका. कुणाच्या तरी अंगावर जाऊ द्या. आणि तुमचं घर जर पक्क्या विटांचं असेल, तर भिंतीत खिळा ठोकताना जरा हळू ठोका. आतल्या एखाद्या विटेवर एक पाऊल असेल, बोटाएवढं. ते कुणाचं ते मला ठाऊक आहे.